मुक्त सॉफ्टवेअर चळवळ : परवान्याचा इतिहास आणि स्वातंत्र्याची कल्पना

प्रस्तावना

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाला 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन अर्थ आहेत. या एका शब्दाने सॉफ्टवेअर-स्वातंत्र्याच्या चळवळीचे जेवढे नुकसान केले, तेवढे तिच्या विरोधकांनीही क्वचितच केले असेल. चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांना प्रत्येक व्याख्यानात आपण किमतीविषयी बोलत नसून स्वातंत्र्याविषयी बोलत आहोत, हा खुलासा करीत राहावे लागले. मराठीत हे दोन शब्द मुळातच वेगळे असल्याने घोटाळ्याचे कारण नव्हते. तरीही महाराष्ट्रातील महाविद्यालयांत या चळवळीची ओळख बहुतांशी 'परवान्याचे पैसे वाचविणारी संगणक प्रणाली' अशीच झाली. संगणक प्रयोगशाळेच्या खरेदीच्या टिपणात ती शिरली. सामाजिक शास्त्रांच्या चर्चेत मात्र तिला फारसे स्थान मिळाले नाही.

वस्तुतः ही चळवळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक महत्त्वाची वैचारिक घटना आहे. ज्ञान निर्माण करणारा आणि ज्ञान वापरणारा यांच्यातील नाते कोणत्या नियमाने बांधले जावे, हा तिचा मूळ प्रश्न आहे. त्या प्रश्नाचे तिने शोधलेले उत्तर यंत्राच्या रूपात नव्हते. ते एका कायदेशीर दस्तऐवजाच्या, म्हणजे परवान्याच्या रूपात होते. म्हणून प्रस्तुत लेखात या चळवळीचा इतिहास मुख्यतः त्या परवान्याच्या अंगाने पाहिला आहे.

देवघेवीची परंपरा आणि तिचा अस्त

सॉफ्टवेअरची दोन रूपे असतात. प्रोग्रॅमर लिहितो ती मूळ संहिता माणसाला वाचता येते, समजून घेता येते, बदलता येते. तिच्यापासून यंत्रासाठी तयार होणारे अंकरूप मात्र चालविण्यापुरतेच उपयोगी असते. वैद्याने औषधाची पुडी द्यावी, परंतु तिच्यातील घटक सांगू नयेत, तसा हा प्रकार आहे. रोगी बरा होईल. पण दुसऱ्या गावच्या वैद्याला त्या औषधात सुधारणा करता येणार नाही.

संगणकाच्या पहिल्या दोन दशकांत मूळ संहिता लपविण्याचे कोणाला कारण नव्हते. यंत्रे अवाढव्य आणि महाग होती. सॉफ्टवेअर यंत्राबरोबर येत असे. आयबीएमचे संगणक वापरणाऱ्यांनी १९५५ मध्ये 'शेअर' नावाची संघटना स्थापन केली, आणि तिचे सभासद आपापल्या आज्ञावल्या एकमेकांना देत असत. यामागे कोणताही उदात्त विचार नव्हता, सोय होती. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर आणि सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले. मक्तेदारीविरोधी कायद्याचे सावट हे त्यामागील एक कारण होते. त्या निर्णयाने सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रेय वस्तू ठरली. १९७६ च्या फेब्रुवारीत तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून अनावृत पत्र लिहिले आणि पैसे न देता प्रती करून घेणे ही चोरी आहे, असे त्यांना बजावले. १९८० मध्ये अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन संगणक आज्ञावलीची व्याख्या त्यात समाविष्ट झाली. अवघ्या अकरा वर्षांत शेजारधर्माचे रूपांतर गुन्ह्यात झाले होते.

गेट्स यांच्या पत्रातील प्रश्न खोटा नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. महिनोन्महिने राबून लिहिलेल्या आज्ञावलीचा मोबदला कोणी द्यायचा, या प्रश्नाला मुक्त सॉफ्टवेअर चळवळीने पूर्णपणे समाधानकारक उत्तर आजतागायत दिलेले नाही. पुढे त्याचा विचार करावा लागणार आहे.

मुद्रकाची गोष्ट

रिचर्ड स्टॉलमन १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करू लागले. तेथील संगणकाची कार्यप्रणाली प्रयोगशाळेतील मंडळींनीच लिहिलेली होती आणि ज्याला जी सुधारणा सुचेल ती त्याने करावी, अशी रीत होती. प्रयोगशाळेतील जुन्या मुद्रकात कागद वारंवार अडकत असे. स्टॉलमन यांनी त्याच्या आज्ञावलीत एक साधी भर घातली होती : कागद अडकला की ज्यांचे मुद्रण रांगेत आहे त्या सर्वांच्या पडद्यावर सूचना जाईल आणि कोणीतरी उठून तो मोकळा करील. यंत्राचा दोष त्यामुळे गेला नाही. माणसांच्या सहकार्याने तो सुसह्य झाला.

१९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीकडून प्रयोगशाळेला नवा लेझर मुद्रक मिळाला. तो वेगवान होता, मुद्रणही सुबक होते, पण कागद त्यातही अडके. या वेळी मूळ संहिता सोबत आलेली नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाजवळ ती आहे, असे कळल्यावर स्टॉलमन यांनी प्रत्यक्ष भेटून ती मागितली. त्या संशोधकाने नकार दिला. ती कोणालाही न देण्याचे वचन त्याने कंपनीला लिहून दिले होते.

चळवळीच्या वाङ्मयात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला आता उत्पत्तिकथेचे रूप आले आहे, आणि उत्पत्तिकथांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे सावधपणे पाहावे हे योग्यच. परंतु तिच्यातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. स्टॉलमन यांचा राग कंपनीवर कमी आणि सहव्यवसायी संशोधकावर अधिक होता. गुप्ततेच्या करारावर सही करणाऱ्या माणसाने केवळ एका व्यक्तीला नकार दिलेला नसतो. जे अद्याप जन्मलेही नाहीत अशांनाही त्याने आधीच नाकारलेले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद अर्थशास्त्राचा नाही, नीतिशास्त्राचा आहे, आणि चळवळीचे पुढील सर्व सामर्थ्य व सर्व हट्ट त्यातूनच आलेले आहेत.

याच काळात प्रयोगशाळाही विस्कटली. तेथे विकसित झालेल्या 'लिस्प' यंत्रांचा व्यापार करण्यासाठी दोन कंपन्या निघाल्या. त्यांपैकी सिम्बॉलिक्सने १९८१ मध्ये प्रयोगशाळेतील बहुतेक प्रोग्रॅमरांना आपल्याकडे ओढले. १९८२ मध्ये नवा संगणक घेण्यात आला, तेव्हा त्यावर कंपनीची बंदिस्त कार्यप्रणाली चालविण्याचे ठरले. समुदाय मोडला की त्याचे नियमही उरत नाहीत, हा अनुभव स्टॉलमन यांनी जवळून घेतला. पुढे त्यांनी नियम कागदावर लिहिण्याचा जो आग्रह धरला, त्याचे मूळ येथे असावे.

ग्नू आणि परवान्याचा शोध

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी युनिक्सशी सुसंगत अशी संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला आणि तिला 'ग्नू' असे नाव दिले. १९८४ च्या जानेवारीत त्यांनी एमआयटीची नोकरी सोडली. आपण लिहिलेल्या आज्ञावलीवर संस्थेने मालकी सांगू नये, हा त्यामागील हेतू होता. १९८५ च्या मार्चमध्ये ग्नूचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. दरम्यान 'ईमॅक्स' या संपादन-प्रणालीची फीत १५० डॉलरला विकून स्टॉलमन आपला उदरनिर्वाह करीत होते. मुक्त सॉफ्टवेअर विकता येते, हे चळवळीने पहिल्या दिवसापासून आचरून दाखविले होते. ऐकणाऱ्यांच्या मनात मात्र ते कधीच पुरते ठसले नाही.

ईमॅक्सच्या निमित्ताने घडलेला एक वाद या इतिहासात निर्णायक ठरला. जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्ससाठी ईमॅक्सची एक आवृत्ती लिहिली होती आणि आरंभी ती इतरांना दिलीही होती. नंतर तिचे हक्क त्यांनी एका व्यापारी कंपनीला विकले. स्टॉलमन यांच्या ग्नू ईमॅक्समध्ये तिचा काही भाग होता. कंपनीने त्यावर हरकत घेतली, आणि १९८५ मध्ये तो सर्व भाग पुन्हा लिहून काढावा लागला. एकदा मोकळी दिलेली वस्तू नंतर बंद होऊ शकते, हा धडा त्यातून मिळाला. केवळ दान करून भागत नाही. दान घेणाऱ्याने ते पुढे अडवू नये, याचीही तजवीज करावी लागते.

तजवीज करण्याचा एक मार्ग सरळ होता, तो म्हणजे प्रताधिकाराचा त्याग करून आज्ञावली सार्वजनिक मालकीची करणे. परंतु तसे केल्यास कोणीही तीत किरकोळ बदल करून ती बंदिस्त रूपात विकू शकला असता. स्टॉलमन यांनी उलटा मार्ग धरला. त्यांनी प्रताधिकार स्वतःकडे ठेवला आणि त्याच्या बळावर परवाना दिला : ही आज्ञावली वापरा, अभ्यासा, बदला, वाटा, मात्र मूळ वा सुधारित प्रत वाटाल तेव्हा मूळ संहितेसह आणि याच अटींवर वाटा. ज्या कायद्याने इतरांना वगळण्याचा अधिकार दिला होता, त्याच कायद्याने वगळण्यास बंदी घातली गेली. डॉन हॉपकिन्स या मित्राने एका पाकिटावर लिहिलेल्या शब्दच्छलावरून या युक्तीला 'कॉपीलेफ्ट' असे नाव पडले. १९८९ मध्ये त्याचा सर्वसाधारण मसुदा ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, या नावाने निघाला आणि १९९१ च्या जूनमध्ये दुसरी आवृत्ती आली.

या परवान्यामागील स्वातंत्र्याची व्याख्या १९८६ च्या फेब्रुवारीत प्रथम छापली गेली. आज ती चार कलमी आहे आणि कलमांची गणना शून्यापासून सुरू होते. संगणकशास्त्रातील मोजणीची ही गंमत आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्ष कारण अधिक साधे आहे. १९९० च्या सुमारास तीन स्वातंत्र्ये सांगितली जात : अभ्यासून बदलण्याचे, प्रती वाटण्याचे आणि सुधारित प्रती वाटण्याचे. नंतर लक्षात आले की कोणत्याही कारणासाठी आज्ञावली चालविण्याचे स्वातंत्र्य या सर्वांच्या आधीचे आहे आणि ते सांगायचेच राहून गेले आहे. क्रमांक बदलण्याऐवजी त्याला शून्य हा क्रमांक देण्यात आला. या शून्याव्या स्वातंत्र्याचे परिणाम गंभीर आहेत. शाळा, लष्कर, जुगाराचा अड्डा, कोणालाही वापरापासून रोखता येत नाही. वापर चांगला की वाईट हे ठरविण्याचा अधिकार आज्ञावली लिहिणाऱ्याला नसावा, अशी ही भूमिका असून ती अनेक सहानुभूतीदारांनाही पचलेली नाही.

१९९१ पर्यंत ग्नूची बहुतेक अंगे तयार होती. कार्यप्रणालीचा गाभा मात्र रेंगाळला होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण लिहीत असलेल्या गाभ्याची घोषणा केली आणि १९९२ च्या आरंभी तो जीपीएलखाली आणला. पुढचा इतिहास परिचित आहे. या संयुक्त प्रणालीला 'लिनक्स' म्हणावे की 'ग्नू/लिनक्स', हा वाद बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतो. पण नाव गळाले की उद्देशही विसरला जातो, ही स्टॉलमन यांची तक्रार पुढील घटनांनी बरीचशी खरी ठरविली.

१९९८ ची फूट

एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये 'द कथीड्रल अँड द बझार' हा निबंध वाचला. लिनक्सच्या विकासाची रीत मोजक्या कारागिरांनी बंद दाराआड उभारलेल्या मंदिरासारखी नसून गजबजलेल्या बाजारासारखी आहे, आणि म्हणूनच तिचे फलित चांगले निपजते, असा त्यांचा सिद्धान्त होता. १९९८ च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले. त्यानंतर फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे भरलेल्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स', म्हणजे 'मुक्त स्रोत', ही संज्ञा सुचविली. 'फ्री' या शब्दाने उद्योगपती बिचकतात, म्हणून नवे नाव हवे होते. त्याच महिन्यात ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था निघाली. तिची व्याख्या ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन प्रकल्पासाठी १९९७ मध्ये तयार केलेल्या नियमांवरून घेतलेली होती.

दोन्ही गटांनी मान्य केलेल्या परवान्यांची यादी जवळजवळ एकच आहे. भेद कारणमीमांसेचा आहे. एक गट म्हणतो, मूळ संहिता खुली ठेवल्याने सॉफ्टवेअर अधिक निर्दोष होते. दुसरा म्हणतो, ती बंद ठेवणे अन्यायाचे आहे, मग बंद सॉफ्टवेअर कितीही निर्दोष असो. पहिल्या भूमिकेची एक अडचण अशी की ती अनुभवाने खोटी ठरू शकते. एखादी बंदिस्त आज्ञावली अधिक चांगली चालू लागली, की तिच्याकडे वळण्याविरुद्ध बोलण्यासारखे काही उरत नाही.

व्यवहारात मात्र पहिल्या भूमिकेचाच जय झाला. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१८ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे सर्वांत मोठे भांडार असलेली 'गिटहब' ही संस्था साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतली. १९६९ मध्ये सॉफ्टवेअरला यंत्रापासून वेगळे करणाऱ्या आयबीएमने बरोबर पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, रेड हॅट ही लिनक्स कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. या यशाला चळवळीचा विजय म्हणावे की तिचे विसर्जन, यावर चळवळीतच एकमत नाही.

शासन, भाषा आणि देवनागरी

स्वातंत्र्याच्या युक्तिवादाचे सर्वांत प्रौढ रूप अमेरिकेत नव्हे, पेरू देशात दिसले. तेथील लोकप्रतिनिधी एडगर व्हिलानुएव्हा यांनी शासकीय कारभारात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे विधेयक मांडले होते. मायक्रोसॉफ्टच्या स्थानिक अधिकाऱ्याने त्यावर घेतलेल्या आक्षेपांना त्यांनी एप्रिल २००२ मध्ये दिलेले उत्तर जगभर वाचले गेले. पैशाच्या बचतीवर त्यांनी भर दिला नाही. नागरिकाला सार्वजनिक माहिती सहज मिळावी, सार्वजनिक दस्तऐवज कायम टिकावेत आणि राज्याची व नागरिकांची सुरक्षितता राखली जावी, ही तीन तत्त्वे त्यांनी पुढे ठेवली. जो दस्तऐवज उघडण्यासाठी एका विशिष्ट विक्रेत्याची कृपा लागते, तो राज्याच्या मालकीचा आहे असे म्हणता येईल काय, हा त्यामागील प्रश्न होता.

मराठी वाचकाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९९० च्या दशकात आणि नंतरही बराच काळ मराठी मजकूर ज्या अक्षरसंचांत टंकलिखित होत असे, त्यांत प्रत्येक विक्रेत्याने अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक दिलेले होते. एका संचातील 'क' दुसऱ्या संचात भलतेच चिन्ह होई, आणि संचच नसेल तर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसे. शोधनिबंध, प्रश्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका यांच्या अशा असंख्य फाइली जुन्या संगणकांवर पडून राहिल्या. मजकूर लेखकाचा, भाषा समाजाची, पण वाचण्याची किल्ली तिसऱ्याच्या हाती, अशी ती स्थिती होती. प्रमाणीकरण झालेच नव्हते असे मात्र नाही. 'इस्की' ही भारतीय संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक ठरली होती, आणि युनिकोडच्या त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी तिच्याच आधीच्या रूपावरून घेतली गेली. उणीव होती ती हे मानक पाळणाऱ्या, सर्वांना उपलब्ध असणाऱ्या साधनांची.

ही उणीव भरून काढण्यात मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे. मुंबईत प्राध्यापक जितेंद्र शाह यांच्या मार्गदर्शनाखाली 'इंडिकट्रान्स' या गटाने ग्नू/लिनक्सच्या मराठीकरणाचे काम हाती घेतले आणि 'गार्गी' हा जीपीएलखालील देवनागरी टंक तयार केला. २००४ मध्ये पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविलेले 'लोहित' टंक रेड हॅटतर्फे जीपीएलखाली उपलब्ध झाले. टंक दिसायला फारसे देखणे नव्हते, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यांच्यामागे एक तत्त्व होते. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे मराठीत दोन भिन्न शब्द आहेत. त्यांतील रफार आणि अर्धचंद्राकृती 'र' यांचा भेद हिंदीला लागत नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही वेगळी आहेत. बंदिस्त प्रणालीत असा भेद सांभाळला जावा म्हणून मराठी भाषकाने विक्रेत्याला विनंती करायची आणि बाजारपेठेचा आकार पाहून त्याने ती मानायची किंवा न मानायची. मुक्त प्रणालीत मूळ संहिता हाती असल्याने तो दोष मुंबईत वा पुण्यात बसून दुरुस्त करता येतो. छोट्या भाषेच्या दृष्टीने स्वातंत्र्याचा हा अर्थ सर्वांत ठोस आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तोही फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने दस्तऐवजांसाठी तयार केलेल्या परवान्याखाली. २००९ मध्ये विकिपीडियाने क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्वीकारेपर्यंत तोच त्याचा कायदेशीर पाया होता.

भारतातील संघटित कार्याचा आरंभ २० जुलै २००१ रोजी झाला. त्या दिवशी तिरुवनंतपुरम येथे स्टॉलमन यांच्या उपस्थितीत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील जी. नागार्जुन यांनी पुढे तिचे अध्यक्षपद सांभाळले. चळवळीचे एक केंद्र विज्ञान-शिक्षणाच्या संस्थेत असावे, हे सयुक्तिकच होते. केरळने शालेय संगणक-शिक्षण टप्प्याटप्प्याने ग्नू/लिनक्सवर आणले आणि त्यासाठी प्रथम शिक्षकांना तयार केले. महाराष्ट्रात व्यक्ती होत्या, गट होते. धोरण मात्र तसे उभे राहिले नाही. कायद्याच्या आघाडीवर २००४ च्या डिसेंबरमधील वटहुकुमाने सॉफ्टवेअरला एकस्व मिळण्याची जी वाट काही अंशी मोकळी केली होती, ती २००५ च्या एकस्व दुरुस्ती कायद्यातून वगळण्यात आली. २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले.

परवान्याच्या मर्यादा

जीपीएल न्यायालयात टिकेल काय, अशी शंका दीर्घकाळ व्यक्त होत होती. २००४ मध्ये म्युनिक येथील जिल्हा न्यायालयाने हाराल्ड वेल्टे यांच्या दाव्यात तो बंधनकारक मानला, आणि ती शंका बरीचशी मावळली. खरी अडचण दुसरीकडून आली. काही उपकरणांत जीपीएलखालील आज्ञावली वापरली जाई, तिची मूळ संहिताही दिली जाई. पण बदललेली आज्ञावली त्या उपकरणावर चालूच नये, अशी यांत्रिक योजना असे. अक्षर पाळून आत्मा मारण्याचा हा प्रकार रोखण्यासाठी परवान्याची तिसरी आवृत्ती हाती घेण्यात आली. दीड वर्ष जाहीर चर्चा झाली. तिच्यातील एक आंतरराष्ट्रीय परिषद ऑगस्ट २००६ मध्ये बंगळूर येथे भरली. २९ जून २००७ रोजी आवृत्ती प्रसिद्ध झाली, परंतु टोरवाल्ड्स यांनी ती नाकारली. लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्याच आवृत्तीखाली आहे.

याहून मोठा प्रश्न सेवांच्या रूपाने उभा राहिला. जीपीएलची अट प्रत वाटण्याशी जोडलेली आहे. आज्ञावली कंपनीच्या संगणकावरच राहिली आणि वापरणाऱ्याने जाळ्यावरून ती नुसती वापरली, तर प्रत वाटलीच जात नाही आणि अटही लागू होत नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये यासाठी 'ॲफेरो' हा वेगळा परवाना काढण्यात आला, पण त्याचा प्रसार मर्यादित राहिला. मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभ्या असलेल्या सेवांतच वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य सर्वांत कमी आहे, ही विसंगती स्टॉलमन यांनी वारंवार मांडली; तिच्यावर परवान्यातून मात्र पुरेसा उपाय निघाला नाही.

श्रमाच्या मोबदल्याचा, म्हणजे गेट्स यांच्या पत्रातील प्रश्नही संपलेला नव्हता. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपन-एसएसएल' या आज्ञावलीत 'हार्टब्लीड' हा गंभीर दोष आढळला. जगातील संकेतस्थळांचा फार मोठा भाग सुरक्षिततेसाठी तिच्यावर विसंबून होता. तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. पुष्कळ डोळे पाहत असले की दोष लपत नाहीत, हा बाजाराचा सिद्धान्त येथे उघडा पडला, कारण प्रत्यक्षात कोणी पाहतच नव्हते. शिवाय अभ्यासण्याचे स्वातंत्र्य ज्याला मूळ संहिता वाचता येते त्यालाच उपभोगता येते, आणि ती संहिता, तिच्यातील टिपा, तिच्यावरील चर्चा हे सारे इंग्रजीत असते. जाहीरनाम्याने या विषमतेचा विचार केलेला नाही.

चळवळ एका व्यक्तीभोवती फिरत राहिली, याचीही किंमत तिला मोजावी लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये एका वादग्रस्त ई-पत्रातील मतांमुळे टीका झाल्यावर स्टॉलमन यांनी एमआयटी आणि फाउंडेशनचे अध्यक्षपद सोडले. मार्च २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतले, तेव्हा समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही बाजूंनी सह्यांच्या मोहिमा निघाल्या आणि काही संस्थांनी फाउंडेशनशी संबंध थांबविले.

अलीकडचा वाद तर मूळ व्याख्येलाच भिडलेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे काही प्रोग्रॅमरांनी गिटहब, मायक्रोसॉफ्ट आणि ओपन-एआय यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. मुक्त परवान्यांखालील संहिता वापरून प्रशिक्षित केलेले साधन त्या परवान्यांच्या अटी मोडते, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मुक्त स्रोत कृत्रिम बुद्धिमत्तेची पहिली व्याख्या जाहीर केली. प्रशिक्षणासाठी वापरलेली सर्व सामग्री देण्याची सक्ती तीत नाही. तिची पुरेशी तपशीलवार माहिती दिली तरी चालते. टीकाकारांचा आक्षेप असा की ज्या सामग्रीतून यंत्राचे वर्तन घडते, तीच त्याची मूळ संहिता होय, आणि ती वगळली तर अभ्यासण्याचे व बदलण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते. कार्नेगी मेलनमधील त्या संशोधकाजवळ निदान देण्यासारखी एक संहिता होती. येथे मागायचे नेमके काय, यापासूनच वाद सुरू आहे.